बजरीगर आणि आपला पोपट

पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी ‘लव्हबर्ड’ म्हणून पाळला जाणारा छोटा रंगीत पक्षी बहुधा बजरीगर असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० मध्ये जॉन गोल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडला नेला. रानातला बजरीगर हिरवा. पिंजऱ्यातल्या विणीत, १८८०च्या सुमारास बेल्जियममध्ये निळी पिल्ले निपजली. पिवळे रंगद्रव्य तयार झाले नाही, की हिरव्याचा निळा होतो.

आपला पोपट मात्र ढोलीतून पिल्ले काढूनच बाजारात येई. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. म्हणून आज बजरीगर पाळता येतो, पोपट पाळणे गुन्हा ठरतो.

विद्यार्थी विचारतील, ‘मग दोघांनाही सोडून द्यायचे का?’ पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला बजरीगर इथे बाहेर तगणे कठीण. पोपट मात्र वन विभागाकडे सोपवावा.