हवाई कॅमेऱ्याचे अंशशोधन

आकाशातून टिपलेल्या छायाचित्रावरून जमिनीचे अचूक मोजमाप घेता यावे, यासाठी कॅमेऱ्याची अंतर्गत भूमिती निश्चित करण्याची प्रक्रिया, व्यवहारात कॅलिब्रेशन. भिंगाचे नाभीय अंतर, त्याचा अक्ष संवेदकाला जेथे मिळतो तो प्रमुख बिंदू आणि भिंगामुळे प्रतिमेत येणारे विरूपण या गोष्टी तीत ठरवतात. अरीय विरूपणात प्रतिमेतील बिंदू केंद्रापासून आत वा बाहेर सरकतो, आणि कडेकडे जावे तसे हे सरकणे झपाट्याने वाढते. भिंगाचे घटक एका अक्षावर नेमके न बसल्यास विकेंद्री विरूपण येते. ड्वेन ब्राउन यांनी १९६६ व १९७१ मधील लेखांत मांडलेली समीकरणे यासाठी आजही प्रमाण मानली जातात.

महाराष्ट्रात हा विषय थेट घराच्या उंबरठ्यापर्यंत आला तो गावठाण मोजणीमुळे. पुरंदर तालुक्यातील, मल्हारगडाच्या पायथ्याच्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनने पथदर्शी मोजणी केली. २४ एप्रिल २०२० रोजी अशाच ड्रोन मोजणीसाठी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. मिळकतींच्या हद्दी आधी चुन्याने आखायच्या, मग ड्रोन उडवायचा, नकाशा १:५०० प्रमाणात काढायचा आणि त्यावरून मिळकत पत्रिका द्यायची, अशी ही पद्धत आहे.

नाभीय अंतर १० मिलिमीटर आणि उड्डाणाची उंची १०० मीटर असेल, तर छायाचित्राचे प्रमाण १:१०,००० होते. म्हणजे प्रतिमेवरील एक शतांश मिलिमीटरची चूक जमिनीवर १० सेंटिमीटरची ठरते. दाटीवाटीच्या गावठाणात दोन घरांमधली बोळ हातभर असते. तेथे ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही.

पूर्वीच्या २३ × २३ सेंटिमीटर फिल्मच्या मापन-कॅमेऱ्यांचे अंशशोधन प्रयोगशाळेत होई व प्रमाणपत्र मिळे. फिल्मच्या कडेवरील खुणांवरून प्रमुख बिंदू सापडे. ड्रोनचा हलका कॅमेरा इतका स्थिर नसतो. उष्णता, उतरतानाचे हादरे, आपोआप बदलणारा फोकस यांनी त्याची मापे ढळतात. म्हणून फोकस बांधून ठेवतात आणि मोहिमेच्या छायाचित्रांवरूनच स्व-अंशशोधन करतात. केवळ समांतर पट्ट्यांत, सरळ खाली पाहत घेतलेली छायाचित्रे त्याला पुरत नाहीत: विरूपण आणि भूरूप यांचा हिशेब एकमेकांत मिसळतो आणि सपाट जमीन मधोमध फुगलेली वा खोलगट दिसू लागते. काटकोनातील आडव्या पट्ट्या, थोडी तिरकी छायाचित्रे, दोन वेगळ्या उंचींवरील उड्डाणे आणि जमिनीवर मोजलेले नियंत्रण बिंदू हा त्यावरचा उपाय.

अंशशोधन जमले की नाही हे गणितात न वापरलेल्या तपास बिंदूंवरूनच कळते. त्या बिंदूंवर आढळलेला फरक आणि अंशशोधनाचा अहवाल नकाशासोबत कायम जपला पाहिजे. हद्दीचा वाद उभा राहिल्यास नकाशातील रेषेवर किती विसंबावे, हे त्यांच्यावरूनच ठरवता येते.