बक्षीस, दस्तुरी आणि पगार : मुंबईच्या जहाजी कामगारांचा हिशेब

अंधेरी पूर्वेच्या चकाला, मरोळ, साकीनाका या पट्ट्यात जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सींची कार्यालयं आहेत. क्रूझच्या भरतीसाठी येणाऱ्या पोरांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : ‘टीप धरून महिन्याला किती पडतील?’ नुसता पगार किती, हे क्वचितच कुणी विचारतं. नोकरी कंपनीची आणि कमाई मात्र पाहुण्याच्या मर्जीवर, ही व्यवस्था सगळ्यांनी गृहीत धरली आहे. ती नवी नाही. मुंबईच्या धक्क्यावर ती दीडशेहून अधिक वर्षं मुरलेली आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या कोकणी मुसलमानांचा वाटा मोठा आहे.

आधी शब्द पाहू. ‘बक्षीस’ हा फारसीतून आलेला शब्द. तिथे त्याच्या मुळाशी देणं आणि माफ करणं असे दोन्ही अर्थ आहेत. आज मराठीत तो शर्यतीतल्या इनामासाठी वापरतात. पण बंदरावर, हॉटेलात, रेल्वे फलाटावर ‘बक्षीस’ म्हणजे वरकमाईच होती. दुसरा शब्द ‘दस्तुरी’, दस्तूर म्हणजे रिवाज यावरून आलेला. व्यवहार जुळवून देणाऱ्याने रिवाजाप्रमाणे कापून घ्यायचा हिस्सा म्हणजे दस्तुरी. इंग्रजांना हे दोन्ही शब्द इतके रोजच्या वापरातले वाटले की, १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या त्यांच्या प्रसिद्ध कोशात दोघांनाही जागा मिळाली. जहाजावर बक्षीस वरून खाली यायचं आणि दस्तुरी खालून वर जायची. मधे उरायचा तो पगार, आणि तोच सगळ्यात तुटपुंजा होता.

१८५४ मध्ये सुएझ ते मुंबई हा टपालमार्ग ईस्ट इंडिया कंपनीकडून पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीकडे आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे प्रवासी बोटींचं मोठं ठाणं बनलं. या बोटींवर कामाची वाटणी जातीधर्मानुसार आणि मुलखानुसार ठरलेली असे. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान, खारवी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी. खाली इंजिनात पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान. प्रवाशांच्या सलूनमध्ये, म्हणजे जेवणघर आणि केबिनच्या कामाला, गोव्याचे ख्रिस्ती. सारंग, टंडेल, कसाब, सुकाणी हे डेकचे हुद्दे. आगवाला, तेलवाला, कोयलावाला हे इंजिनातले. खलाशांचं जेवण रांधणारा तो भंडारी आणि झाडूकाम करणारा तो टोपास. जहाज इंग्रजांचं, पण त्यावरची कामाची भाषा ही आपल्याकडची.

या वाटणीचा बक्षिसाशी थेट संबंध होता. प्रवासी ज्याचा चेहरा पाहतो त्यालाच बक्षीस देतो. प्रवास संपत आला की टेबलावर वाढणारा, केबिन आवरणारा, आंघोळीचं पाणी तयार ठेवणारा असे सलूनमधले लोक त्याच्यासमोर असत. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात बॉयलरपुढे फावड्याने कोळसा ओढणारा आगवाला त्याला दिसतच नसे. बोट त्याच्या घामावर चालायची, पण त्याच्या हातावर बक्षीस पडायचं नाही. बक्षीस कष्टाच्या मापाने मिळत नाही, नजरेसमोर असण्याच्या मापाने मिळतं, हा धडा तेव्हाचाच.

पगाराचं काय? भारतीय खलाशी, ज्याला इंग्रज ‘लस्कर’ म्हणत, त्याच्यासाठी कराराचा मसुदाच वेगळा होता. त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाला मिळे त्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम त्याच्या वाट्याला येई. झोपायची जागाही कमी. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५१ हजार लस्कर होते. साम्राज्याचं दर्यावर्दी वैभव या स्वस्त मजुरीवर उभं होतं.

त्या पगारालाही गळती होती. कंपनी माणसं थेट घेत नसे. भरती सारंग आणि दलाल यांच्या हाती. नोकऱ्या कमी आणि ‘नल्ली’ घेऊन फिरणारे जास्त. नल्ली म्हणजे खलाशाचं नोकरीचं दफ्तर, हा शब्द मुंबईच्या जहाजी लोकांत आजही चालतो. त्यामुळे बोट मिळवायची तर दस्तुरी द्यावीच लागे. सफर संपवून परतल्यावर महिनोन् महिने बसून काढायचे, मुंबईत राहण्याखाण्याचं कर्ज करायचं आणि पुढच्या पगारातून ते फेडायचं, असं चक्र होतं. सारंगाला नुसता खलनायक ठरवणंही बरोबर नाही. तो बहुधा गावचा, नात्यातला असे. अडचणीत पैसे देई, परमुलखात माणसाला सांभाळून घेई. पण ज्याच्या हाती नोकरी आहे त्याला दिलेल्या पैशाला ‘खुशी’ म्हणायचं की नाइलाज?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या परंपरेत फार जुनं आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत इब्न अल-लुत्बिय्या या जकात गोळा करणाऱ्या माणसाचा प्रसंग येतो. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले. एक जकातीचा आणि दुसरा आपल्याला भेट मिळालेला. त्यावर प्रेषित मुहंमद (स.) यांनी लोकांसमोर सवाल केला की, हा माणूस आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का? माझ्या मते दस्तुरीचा निवाडा या एका प्रश्नात होतो. सारंगाच्या हातात भरती नसती तर कुणी त्याला एक पैसाही दिला नसता. तेव्हा ती भेट नव्हती, रिश्वत होती.

या रिवाजाविरुद्ध लढाही झाला. १९२० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनोआ इथल्या परिषदेत ठराव केला की, खलाशांना काम मिळवून देण्याचा धंदा नफ्यासाठी चालू नये. हिंदुस्थान सरकारने १९२२ मध्ये भरतीच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९२९ ते १९३१ या काळातल्या रॉयल कमिशनपुढेही खलाशांच्या भरतीतल्या लाचखोरीची गाऱ्हाणी मांडली गेली. मुंबईच्या खलाशी चळवळीतले दिनकर देसाई, जे पुढे कन्नड कवी म्हणून गाजले, त्यांनी १९४० मध्ये ‘मॅरिटाइम लेबर इन इंडिया’ हे पुस्तक लिहून हा सारा कारभार मांडला. त्याआधी १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच भारतीय खलाशांनी ब्रिटिश बंदरांत काम थांबवलं आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. बक्षिसासाठी हात पुढे करण्यापेक्षा पगारासाठी हात आखडता घेणं जास्त कामी येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. स्वातंत्र्यानंतर मुंबईत खलाशांच्या भरतीचं सरकारी कार्यालय आलं आणि पाळीने काम मिळू लागलं.

आता आजच्या क्रूझकडे येऊ. कोळसा गेला, बॅलर्ड पिअरऐवजी सहारच्या विमानतळावरून पोरं जहाज गाठायला निघतात. पण हिशेबाची रीत ओळखीची आहे. बहुतेक मोठ्या अमेरिकी कंपन्या पाहुण्याच्या खात्यातून माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून आपोआप कापतात. म्हणजे जे देणं खुशीचं होतं ते सक्तीचं झालं, आणि जो पगार कंपनीने द्यायचा त्याचा मोठा भाग पाहुण्यावर ढकलला गेला. आपल्याकडे हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. परदेशी झेंड्याखालच्या जहाजावर हा नियम पोचत नाही.

याचे चटके मुंबईकरांनी सोसले आहेत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल बंदरात पी अँड ओ क्रूझेसच्या ‘आर्केडिया’ जहाजावरच्या सुमारे १५० भारतीय कर्मचाऱ्यांनी धक्क्यावर उतरून दीड तास शांतपणे निदर्शनं केली. मुद्दा पगाराचा होता. त्यांना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही, आणि २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत त्याची चर्चा झाली. काहींचा मूळ पगार तासाला सुमारे ७५ पेन्स असल्याचंही तेव्हा छापून आलं. कंपनीचं नाव जुनंच, मालकी मात्र आता अमेरिकेच्या कार्निव्हलची. याच कंपनीने २०१९ मध्ये पाहुण्यांच्या खात्यातून आपोआप टीप कापणं बंद केलं. म्हणजे ही पद्धत बदलता येते.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे क्रूझ थांबल्या तेव्हा टिपेचा खरा स्वभाव उघडा पडला. पाहुणे उतरले की टीपही उतरली. त्या एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरून शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरले, ते दृश्य टीव्हीवर अनेकांनी पाहिलं असेल. पगार संकटात काही काळ तरी तग धरतो, बक्षिसाला हमी नसते.

टीप वाईट आहे, असं मी म्हणत नाही. दापोली-हर्णैपासून सालसेतपर्यंत कितीतरी घरं या पैशावर उभी राहिली, मुलं शिकली, बहिणींची लग्नं झाली. समाधानाने दिलेलं बक्षीस घेण्यात कमीपणाही नाही. आपण ईदी देतो, दिवाळीची पोस्त देतो, त्यात माया असते. पण मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण मजुरीबद्दल आहे, बक्षिसाबद्दल नाही. मजुरी हे देणं आहे आणि बक्षीस ही मेहेरबानी. मेहेरबानीने देणं फिटत नाही.

जहाजावर जाणाऱ्या मुलांना हा इतिहास एवढ्यासाठी सांगायचा की दस्तुरीही अजून मेलेली नाही. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार काम लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, नल्ली आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याच्यावर पडू शकतो. कामाची मर्यादा दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तास आहे. तरीही ‘सेवा शुल्क’ किंवा ‘ट्रेनिंग’ अशा नावाखाली लाखांच्या रकमा मागणारे भेटतात. एजन्सीला सरकारी परवाना आहे का ते आधी तपासावं. करारात मूळ पगाराचा आकडा आणि टिपेचा आकडा वेगवेगळा लिहून मागावा, आणि त्या पहिल्या आकड्यावर घर चालेल का, याचा घरी बसून हिशेब करावा. दुसरा आकडा आला तर अल्हम्दुलिल्लाह. पण सही करायची ती पहिला आकडा बघून.