प्रोस्टेटची ‘रसद’ तोडणारा उपचार कसा सापडला?

पन्नाशी-साठी ओलांडली की अनेक पुरुषांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, होऊन गेली तरी मोकळे वाटत नाही. बहुतेक वेळा याचे कारण प्रोस्टेट ग्रंथीची वाढ हे असते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. गोळ्यांनी भागले नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन, म्हणजे टीयूआरपी, सुचवले जाते. ‘ऑपरेशन न करता, रक्तवाहिनी बंद करून प्रोस्टेट लहान करतात’ असेही तुम्ही ऐकले असेल. त्याला प्रोस्टेट आर्टरी एम्बोलायझेशन, थोडक्यात पीएई, म्हणतात. त्याचा इतिहास कळला की तो कोणासाठी आहे हेही समजते.

कल्पना तशी जुनी आहे. १८९३ मध्ये जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी प्रोस्टेटच्या रुग्णांमध्ये ओटीपोटातल्या मोठ्या धमन्याच बांधून पाहिल्या. रक्त कमी मिळाले की ग्रंथी आक्रसेल, हा त्यांचा तर्क. पण त्याच धमन्या मूत्राशय आणि इतर अवयवांनाही रक्त पुरवतात. फक्त प्रोस्टेटची वाहिनी गाठण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन पुढे आले. १९५३ मध्ये स्वीडनचे सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या मदतीने धमनीत नळी सरकवण्याची सोपी पद्धत दाखवली. १९७० च्या दशकात याच वाटेने मूत्राशय आणि प्रोस्टेटचा न थांबणारा रक्तस्राव रोखला जाऊ लागला. १९९५ मध्ये पॅरिसच्या राविना यांनी गर्भाशयाच्या गाठींचे रक्त तोडून त्रास कमी होतो हे मांडले.

मग २००० साली अमेरिकेतून एका ७६ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे त्यांना लघवीतून रक्त जात होते. ते थांबावे म्हणून डीमेरिट आणि सहकाऱ्यांनी एम्बोलायझेशन केले. रक्त तर थांबलेच, शिवाय पाच महिन्यांत प्रोस्टेट निम्म्याहून लहान झाली आणि लघवीचा त्रासही कमी झाला!

डुकरांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. २००८ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत डॉ. फ्रान्सिस्को कार्नेवाले यांनी लघवी अडल्यामुळे नळी लावलेल्या दोन रुग्णांवर हा उपचार केला आणि दोघांचीही नळी निघाली. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या डॉ. जोआंव पिस्को यांनी पुढे शेकडो रुग्णांवर तो केला.

आज जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी प्रोस्टेटच्या वाहिनीपर्यंत नेतात आणि वाळूच्या कणांएवढे सूक्ष्म मणी सोडतात. सहसा फक्त जागा बधिर करावी लागते. पण या वाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या आणि प्रत्येकाच्या वेगळ्या वाटेने जाणाऱ्या. मणी चुकून शेजारच्या अवयवात गेले तर इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांचा अनुभव इथे फार महत्त्वाचा.

२०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी दोन्ही उपचारांची थेट तुलना प्रसिद्ध केली. पीएईमध्ये रक्तस्राव आणि गुंतागुंत कमी होती. लघवीची धार मात्र टीयूआरपीनंतर जास्त सुधारली. वीर्यस्खलनाच्या तक्रारी पीएईनंतर कमी आढळल्या, पण अजिबात नाहीत असे नव्हे. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने योग्य रुग्णांसाठी या उपचाराला संमती दिली.

तेव्हा ‘ऑपरेशन नाही’ एवढ्याच शब्दांवर निर्णय घेऊ नका. प्रोस्टेट खूप मोठी असेल, रक्त पातळ करणारी गोळी थांबवता येत नसेल किंवा भूल देणे धोक्याचे असेल, तर पीएईबद्दल जरूर विचारा. धमन्या फार कडक झाल्या असतील किंवा मूत्राशयच अशक्त झाले असेल, तर फायदा कमी मिळू शकतो. आधी पीएसए, सोनोग्राफी आणि लघवीच्या वेगाची तपासणी करून घ्या. युरोलॉजिस्ट आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट या दोघांशीही बोला. आणि लघवी पूर्ण अडली, तर वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.