कुक्कुटगृहातील पाण्याचे गोठण व निवारण
कुक्कुटगृहातील पाण्याचे गोठण व निवारण : शीत प्रदेशांत हिवाळ्यात कोंबड्यांचे पिण्याचे पाणी गोठू नये म्हणून योजण्यात येणाऱ्या उपायांचा यात समावेश होतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सु. पाव लिटर, म्हणजे खाद्याच्या वजनाच्या सु. दुप्पट, पाणी पिते. कवच वगळता अंड्यात सु. ७५% पाणी असते. पाणी न मिळाल्यास कोंबडीचे खाणे कमी होते आणि अंडी देणे मंदावते किंवा थांबते. कॅनडा आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग येथील कुक्कुटपालनात या प्रश्नाला विशेष महत्त्व आले.

प्रारंभीचे उपाय : एकोणिसाव्या शतकात तेथील शेतांवर कोंबड्यांचे लहान कळप असत. घरातून कोमट पाणी दिवसातून दोन-तीन वेळा नेणे आणि भांड्यातील बर्फ फोडून टाकणे, हाच मुख्य उपाय होता. भांड्याभोवती लाकडी पेटी ठेवून तीत भुसा भरल्यास गोठण लांबते, पण टळत नाही. ०° से. तापमानाचे १ किग्रॅ. पाणी गोठताना सु. ८० किलोकॅलरी सुप्त उष्णता बाहेर पडते. ती निघून जाण्याचा वेळ एवढाच काय तो लाभ. पाण्यात मीठ घालणे निरुपयोगी व घातक होय. सु. ३·५% क्षार असलेले समुद्राचे पाणीही सु. -१·९° से. ला गोठते आणि इतके मीठ कोंबडीला विषासमान ठरते.

विसाव्या शतकाच्या आरंभी रॉकेलच्या दिव्यावर तापणारी जलपात्रे वापरात आली. श्रम वाचले, परंतु कोरडे गवत व भुसा पसरलेल्या लाकडी खुराड्यात उघडी ज्योत रात्रभर जळत राहू लागली आणि आगीचा धोका उद्‌भवला. याच काळात दमट, बंदिस्त घरांपेक्षा खेळत्या हवेची घरे आरोग्यकारक असल्याचे मत पुढे आले. प्रिन्स टी. वुड्स यांचा या विषयावरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा घरांत पूर्ण पिसे असलेली कोंबडी थंडी सोसते. पाणी मात्र लवकर गोठते. पिताना भिजणाऱ्या, चोचीखालच्या मांसल पाळ्यांना हिमदंश होतो. क्वेबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी १९०८ पासून प्रयत्न करून अगदी लहान तुरा व पाळ्या असलेली शाँतक्लेर ही जात निर्माण केली. १९२१ मध्ये तिला अमेरिकन मानकांत मान्यता मिळाली.

विजेचा वापर : ई. व्ही. मकॉलम यांनी १९२२ मध्ये ड जीवनसत्त्वाचे अस्तित्व दाखविल्यानंतर, कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन कोंबड्या वर्षभर घरात ठेवणे शक्य झाले. परिणामी पाण्याचा पुरवठाही सर्वस्वी पाळणाऱ्यावर अवलंबून राहिला. संयुक्त संस्थानांत १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले, तेव्हा सु. एक दशांश शेतांवरच वीज होती. १९५० नंतरच्या दशकात हे प्रमाण ९०% हून अधिक झाले. विजेवर चालणारे तापक आले, ज्योत गेली; पण धोका संपला नाही. भांड्यावर टांगलेला २५० वॉटचा उष्णतादीप गादीवर पडल्यास भुसा पेट घेतो. पाणी आटल्यावर उघडा पडलेला तापक भांडे जाळू शकतो आणि ओलसर जागी विद्युत् धक्का प्राणघातक ठरतो.

सुरक्षितता : चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ मध्ये तयार केलेली, विद्युत् गळती होताच मंडल तोडणारी प्रयुक्ती या दृष्टीने उपयुक्त ठरली. उष्णता संपूर्ण घराला न देता केवळ भांड्याच्या तळाला देणे, तापनियंत्रकाने तापक गोठणबिंदूच्या आसपासच चालू करणे, तार कोंबड्यांच्या चोचीपासून व पाण्यापासून दूर बांधणे आणि भांडे गादीपासून उंच ठेवणे, ही सुरक्षित पद्धतीची सूत्रे होत. पाणी सांडल्याने गादी ओली होते, अमोनिया वाढतो आणि दमट हवेत हिमदंश बळावतो. म्हणून झाकलेली पात्रे इष्ट असतात. मोठ्या व्यवसायात उबदार घरांतील बंद नळ्यांमुळे हा प्रश्न बव्हंशी मिटला आहे. लहान कळपांसाठी मात्र दोन भांडी आळीपाळीने वापरून कोमट पाणी देण्याची जुनी रीत, कष्टाची असली तरी, आजही सर्वांत निर्धोक होय.