केसपेपर कुणाचा? रुग्णाच्या संमतीचा इतिहास, आंजीपासून आंजीपर्यंत

१/ वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने निघाले की आंजी (मोठी) हे गाव लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र येथे आहे. त्यामुळे सामुदायिक आरोग्यावरील अनेक शोधनिबंधांत या गावाचे नाव आढळते. आजचा धागा एका साध्या प्रश्नाचा आहे : रुग्णाच्या रोगाची नोंद नेमकी कुणाची?

२/ निमित्त घरचेच आहे. मागच्या उन्हाळ्यात आजीला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तिचा आरोग्य-खाते क्रमांक काढायला घेतला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. आजीने विचारले, "थो नंबर देल्ला त माह्या दुखन्याची गोष्ट कोनाकोनाले समजन?" उत्तर मिळाले, "सगळ्यांचंच करतो आजी, द्या लवकर."

३/ तिचा दुसरा प्रश्न अधिक टोकदार होता. "अन् नाही देल्ला त औषध भेटन का?" खिडकीपलीकडे क्षणभर शांतता झाली. उत्तर काय आले ते शेवटी सांगतो. हे दोन प्रश्न मात्र लक्षात असू द्यावेत. रुग्णाच्या संमतीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांनी मोजता येतो.

४/ प्रथम प्राचीन काळाकडे पाहू. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यविद्येच्या शिष्याला दिलेला उपदेश आहे. रुग्णाच्या घरात परवानगी असलेल्या परिचित माणसासह प्रवेश करावा आणि त्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा त्याचा आशय. ग्रीक परंपरेतील हिपोक्रेटिसच्या शपथेतही गुप्ततेचे वचन आहे.

५/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. या दोन्ही ठिकाणी गुप्तता हा वैद्याचा धर्म आहे. वैद्याने तो मोडला तर रुग्णाने कुठे जावे, याचे उत्तर तेथे नाही. शिवाय त्या जगात वैद्य आणि रुग्ण असे दोघेच होते. नोंदवही, कारकून आणि सरकार हे पुढे आले.

६/ सरकार आले ते प्लेगच्या निमित्ताने. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि पुढच्याच महिन्यात पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या. रँडचा वध आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे. त्या संतापामागे एक वैद्यकीय कारणही होते. घरात कोण आजारी आहे, हे सांगायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार घराकडे उरला नव्हता. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले.

७/ दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, लेपर्स ॲक्ट आला. ज्या प्रदेशात तो लागू झाला तेथे निराधार कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकत. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने रोगाचा दाखला दिला की दंडाधिकारी त्याला आश्रमात पाठवू शकत असे. वैद्यकीय कागद येथे रुग्णाच्या उपयोगाचा नव्हता, तो त्याच्याविरुद्धचा पुरावा होता. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

८/ आता वर्ध्याकडे येऊ. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभारले. १९३९ मध्ये संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. ते छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे.

९/ रोग लपवू नये, रोग्याला दूर लोटू नये, हा त्या कृतीचा संदेश होता. परंतु प्रत्येक रुग्ण परचुरे शास्त्री नसतो आणि प्रत्येक गाव म्हणजे आश्रमही नव्हे. ज्या गावात रोग उघड झाल्यावर विहीर, लग्न आणि मजुरी तिन्ही बंद होतात, तेथे लपवणे हीच रुग्णाची संरक्षक भिंत असते. वर्ध्याच्या पुढील इतिहासातला पेच हाच आहे.

१०/ १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे केंद्र वर्धा. डॉ. आर. व्ही. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली येथे कामाची एक पद्धत घडली : सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. डॅप्सोनच्या गोळ्यांमुळे रुग्णाला घरी ठेवूनच उपचार करणे शक्य झाले होते. आश्रमाच्या भिंती आता अनिवार्य राहिल्या नाहीत. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि हीच दिशा देशभर गेली.

११/ ही फार मोठी सुधारणा होती, यात शंका नाही. तथापि सर्वेक्षण म्हणजे घरातील प्रत्येकाच्या अंगावरचा चट्टा पाहणे आणि नाव वहीत लिहिणे. आजी सांगते, तिच्या तरुणपणी तपासणीवाले येणार अशी कुणकुण लागली की काही बाया पहाटेच वावरात निघून जात. त्यांना गोळीचे भय नव्हते, वहीचे होते. ज्या अंगणात तपासणीवाल्याची सायकल वारंवार थांबे, त्या घराविषयी गावाला वेगळे काही सांगावे लागत नसे.

१२/ हे भय अडाणीपणाचे होते काय? कायदाच पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. वैयक्तिक कायद्यांतील ही तरतूद २०१९ मध्ये काढली गेली. तोवर बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागून सुमारे साडेतीन दशके झाली होती, आणि त्या उपचाराचा देशातील आरंभ ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत वर्धा अग्रभागी होता. रोग बरा झाला तरी वहीतली नोंद बरी होत नव्हती.

१३/ पुढची कथा गोव्याची. कारण रोग बदलला, पण वही तीच राहिली. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. हे त्याला कुणीही समजावून सांगितले नव्हते. त्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, रुग्णालयातील एड्सच्या नोंदवहीत आपले नाव लिहिले जात असताना त्याला उलगडा झाला.

१४/ गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्याला क्षयरुग्णांसाठीच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याची आई लूसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. १८९८ चे तर्कशास्त्र स्वतंत्र भारतात आणखी एकदा जिंकले होते.

१५/ पण वारे फिरत होते, आणि तेही मुंबई उच्च न्यायालयातच. १९९६ च्या रघुनाथ रहेजा प्रकरणात न्यायालयाने सांगितले की रुग्णाला वा त्याच्या नातेवाइकांना उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती द्यायला हव्यात. २००२ मध्ये वैद्यक परिषदेच्या नियमावलीत हे अधिक स्पष्ट झाले : नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्यात. 'केसपेपर दवाखान्याचा' ही समजूत येथे ढासळू लागली.

१६/ १९९७ चा निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला एचआयव्हीमुळे कामावरून दूर केले गेले. दाद मागायची तर नाव उघड होणार आणि नाव उघड झाले की आयुष्य संपणार. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून लढण्याची मुभा दिली आणि निकालही त्याच्या बाजूने दिला. अहवालांत तो केवळ 'एमएक्स' या अक्षरांनी ओळखला जातो. इतिहासाला त्याचे नाव ठाऊक नाही, आणि हेच त्याचे यश आहे.

१७/ मार्ग सरळ मात्र नव्हता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटले की गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही. नियोजित वधूच्या जिवाला धोका असेल तर रुग्णालयाने रोग उघड केल्याचा दोष धरता येणार नाही. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. संमतीच्या इतिहासातील कठीण प्रश्न असेच असतात. त्यांत दोन्ही बाजूंना माणसे असतात.

१८/ २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्याच वर्षी एचआयव्ही-एड्स कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीविना चाचणी नाही आणि अपवाद वगळता संमतीविना वाच्यता नाही, हे त्यात आले. नाव गुप्त ठेवून खटला चालवण्याची तरतूदही आली. 'एमएक्स'ला न्यायालयाने दिलेली मुभा वीस वर्षांनी कायद्याच्या कलमात उतरली.

१९/ आणि तरीही २०२० आले. करोनाच्या काळात रुग्णांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि घरांवर फलक लागले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत. १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाही वापरात होता. भीती वाढली की समाज आणि शासन दोघेही जुन्या वहीकडे वळतात, हे आपण आपल्याच डोळ्यांनी पाहिले.

२०/ आता वही संगणकात गेली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि १४ अंकी 'आभा' क्रमांक आला. कोणती नोंद, कुणाला, कशासाठी आणि किती काळ पाहू द्यायची हे रुग्णाने ठरवावे आणि दिलेली संमती त्याला मागे घेता यावी, अशी त्याची रचना आहे. क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदाही संमत झाला. कागदावर हे सर्व १८९८ च्या नेमके उलट आहे.

२१/ पण संमती कागदावर घडत नाही, ती खिडकीवर घडते. मागे रांग आहे, कर्मचारी एकटा आहे, पडद्यावरचा मजकूर आजीला वाचता येत नाही. अशा वेळी ओटीपीचे सहा अंक म्हणजे संमती, असे यंत्र मानते. 'सगळ्यांचंच करतो' हे वाक्य वाईट हेतूने उच्चारलेले नसते. तपासणीवाल्याची वहीही वाईट हेतूची नव्हती.

२२/ आंजीच्या शोधनिबंधांकडे पुन्हा पाहावे. तेथील माता, बालके आणि वृद्ध त्यांत आकड्यांच्या रूपाने भेटतात, नावे नसतात. संमती घेतल्याची नोंद असते. १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेपासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंतचा प्रवास त्या एका ओळीमागे उभा आहे. नाव न सांगताही ज्ञान निर्माण होते आणि रोगही आटोक्यात येतो, याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे.

२३/ राहता राहिली खिडकी. आजीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आतून आलेल्या परिचारिकेने दिले. "नाही दिला तरी औषध मिळेल आजी. दिला तर पुढच्या वेळी जुने कागद शोधावे लागणार नाहीत. आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय दुसऱ्या कोणाला दाखवता येत नाही." आजीने थोडा विचार केला आणि नंबर सांगितला. 'नाही' म्हणता येते, हे कळल्यावरच तिने 'हो' म्हटले.

२४/ शेवटी एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या दवाखान्यांच्या, सर्वेक्षणांच्या, साथींच्या आठवणी अवश्य विचारा. हा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. मात्र कुणाच्या रोगाची गोष्ट येथे लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. या धाग्यातला आजीचा प्रसंगही तिला वाचून दाखवूनच लिहिला आहे. ती कशासाठी दवाखान्यात गेली होती, तेवढे लिहू नको म्हणाली. म्हणून ते लिहिलेले नाही.