ऋण चिन्हाची जागा आणि आलेखाचे परावर्तन

य = फ(क्ष) या आलेखावरील प्रत्येक बिंदूचे निर्देशक (क्ष, फ(क्ष)) असतात. पहिला निर्देशक आपण फलाला देतो, दुसरा फल आपल्याला देते. ऋण चिन्ह दिलेल्या संख्येला लागले की मिळालेल्या, यावरून परावर्तनाचा अक्ष ठरतो.

चिन्ह बाहेर : य = −फ(क्ष). येथे मिळालेली किंमत उलटते, म्हणून (अ, ब) हा बिंदू (अ, −ब) येथे जातो. हे क्ष-अक्षातील परावर्तन. प्रांत बदलत नाही. आलेख क्ष-अक्षाला जिथे छेदतो ते बिंदू जागीच राहतात, म्हणजे फ(क्ष) = ० या समीकरणाची मुळे तीच राहतात. महत्तम किमतीच्या जागी मात्र लघुत्तम किंमत येते.

चिन्ह आत : य = फ(−क्ष). नव्या आलेखाला −२ पाशी तीच उंची मिळते, जी जुन्याला २ पाशी होती. म्हणून (अ, ब) हा बिंदू (−अ, ब) येथे जातो. हे य-अक्षातील परावर्तन. य = √(क्ष − १) चा आलेख (१, ०), (२, १), (५, २) यांतून जातो; य = √(−क्ष − १) चा (−१, ०), (−२, १), (−५, २) यांतून. दुसऱ्या सूत्रात वर्गमुळाखाली दोन ऋण चिन्हे दिसतात, तरी ते निरर्थक नाही. प्रांत क्ष ≥ १ होता, तो आता क्ष ≤ −१ झाला, एवढेच.

क्रमाचा प्रश्न. √क्ष चा आलेख आधी १ एकक उजवीकडे सरकवून मग य-अक्षात परावर्तित केला, तर √(−क्ष − १) मिळते. आधी परावर्तन करून मग सरकवले, तर √(१ − क्ष). पहिला आलेख −१ पासून डावीकडे जातो, दुसरा १ पासून. दोन्ही क्रिया क्ष वरच होत असल्याने क्रम बदलला की उत्तर बदलते. क्ष-अक्षातील परावर्तन आणि आडवे सरकवणे यांत ही अडचण नाही. एक क्रिया य वर होते, दुसरी क्ष वर. कोणत्याही क्रमाने −√(क्ष − १) हेच येते.

सममिती. य-अक्षातील परावर्तनाने न बदलणारे फल सम, उदा. क्ष². दोन्ही अक्षांत लागोपाठ परावर्तन केले असता, म्हणजे आरंभबिंदूभोवती १८०° फिरवले असता, न बदलणारे फल विषम, उदा. क्ष³. लिओनार्ड ऑयलरने १७४८ च्या आपल्या ग्रंथात फलांचे हे सम-विषम वर्गीकरण मांडले आहे.

२^क्ष सम नाही, विषमही नाही. पण त्यात त्याचेच य-अक्षातील प्रतिबिंब २^(−क्ष) मिळवून निम्मे केले की सम भाग मिळतो, वजा करून निम्मे केले की विषम भाग. −१ ते १ या मर्यादांत संकलन करताना विषम भागाचे धन आणि ऋण क्षेत्रफळ एकमेकांना रद्द करते. उत्तर केवळ सम भागातून येते आणि तेही ० ते १ पर्यंतच काढून दुप्पट करता येते.