डार्वेनची वर्गणी

गांधीजींचं एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल. २६ सप्टेंबर १९३१, लँकेशायरमधल्या डार्वेन गावची ग्रीनफील्ड गिरणी, आणि पंचा नेसलेल्या त्या माणसाभोवती हसत उभ्या असलेल्या गिरणीतल्या बाया. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ ज्यांना लागली, त्यांनाच भेटायला गांधीजी गेले होते. आपल्याकडे डार्वेनची ओळख बहुधा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. इंग्लंडात फुटबॉलचा जुना इतिहास वाचणारा माणूस मात्र हे नाव दुसऱ्याच कारणाने घेतो. त्या छायाचित्राच्या बावन्न वर्षं आधी हे गाव एफए कपमध्ये हरलं होतं.

ही स्पर्धा तेव्हा लहान होती. २० जुलै १८७१ रोजी फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स ऑलकॉक यांनी सर्व सदस्य क्लबांसाठी एक चषक ठेवावा, असा ठराव मांडला. हरेल तो बाद, ही कल्पना त्यांच्या हॅरो शाळेतल्या वसतिगृहांच्या सामन्यांतून आलेली. चषक साधारण वीस पौंडांचा. पहिल्या वर्षी पंधरा क्लबांनी नावं दिली. १८७८-७९ च्या हंगामात त्रेचाळीस. दार सगळ्यांना उघडं होतं. तरी पहिल्या सात वर्षांत चषक पाच वेळा लंडनच्या वाँडरर्सकडे गेला, एकदा ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे आणि एकदा लष्करातल्या रॉयल इंजिनिअर्सकडे. म्हणजे बड्या शाळांतून शिकलेल्या, सवड असलेल्या सद्गृहस्थांच्या वर्तुळातच तो फिरत राहिला. ऑलकॉक सरे क्रिकेट क्लबाचेही चिटणीस असल्यामुळे त्या क्लबाचं केनिंग्टन ओव्हल हे मैदान स्पर्धेचं घरच झालं होतं, आणि शेवटच्या फेऱ्या तिथेच खेळायच्या असा प्रघात होता. लंडनच्या क्लबांना त्यात काही गैर वाटण्याचं कारण नव्हतं.

डार्वेन लंडनपासून सुमारे दोनशे मैलांवर. सुताचं आणि कापडाचं गाव. तिथल्या सर्वांत मोठ्या गिरणीचं नावच ‘इंडिया मिल’. तिची तीनशे फुटांहून उंच, इटालियन मनोऱ्यासारखी चिमणी आजही उभी आहे. लँकेशायरच्या गिरण्यांत शनिवारी दुपारी काम थांबावं असा कायदा १८५० साली झाला, आणि फुटबॉल मजुरांचा झाला तो या अर्ध्या सुट्टीमुळे. पण १८७८ साल वाईट होतं. मंदीमुळे मालकांनी मजुरीत दहा टक्के कपात केली. एप्रिलमध्ये संप सुरू झाला, मे महिन्यात शेजारच्या ब्लॅकबर्नमध्ये मालकांच्या पुढाऱ्याचं घर जाळलं गेलं, आणि शेवटी संप मोडला. कामगार कापलेल्या मजुरीवर कामावर परतले. त्याच हिवाळ्यात गावच्या संघाने रेमनंट्स या संघाला ३-२ असं हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. समोर होता ओल्ड इटोनियन्स, म्हणजे इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ. वाँडरर्सना त्यांनी पहिल्याच फेरीत ७-२ असं उडवलं होतं.

डार्वेनच्या संघात फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह हे दोन स्कॉटिश खेळाडू होते. दोघेही ग्लासगोजवळच्या पार्टिकचे. स्कॉटलंडमध्ये चेंडू एकमेकांना देत पुढे नेण्याची रीत रुजली होती. इंग्लिश सद्गृहस्थ अजून एकट्याने चेंडू रेटत न्यायचे आणि बाकीचे मागे धावायचे. सूटर पेशाने पाथरवट. इंग्लंडचा दगड फार कठीण लागतो, असं सांगून त्याने ते काम सोडलं म्हणतात. मग तो जगत कशावर होता, हे गावात कुणी मोठ्याने विचारलं नसावं. पैसे घेऊन खेळणं तेव्हा शिष्टाचाराबाहेरचं होतं.

पहिला सामना १३ फेब्रुवारी १८७९ रोजी झाला. वार गुरुवार. ज्याला कामावर खाडा म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याला या वाराचा अर्थ सांगायला नको. पंधरा मिनिटं उरली असताना इटोनियन्स ५-१ असे पुढे होते. त्यानंतर डार्वेनने चार गोल केले. ५-५. डार्वेनने जादा वेळ खेळू या म्हटलं. इटोनियन्सनी नकार दिला. नियमाने तो त्यांचा हक्क होता. पण त्या नकाराचा एका बाजूला अर्थ होता आणखी एक दुपार, आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेचं भाडं, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. सामना पुन्हा झाला तोही ओव्हलवरच.

मग गावात वर्गणी सुरू झाली. संपात हरलेल्या, मजुरी कापली गेलेल्या गावात ती १७५ पौंडांपर्यंत गेली. चषकाच्या किमतीच्या जवळजवळ नऊ पट. फुटबॉल असोसिएशनने दहा पौंड दिले, इटोनियन्सनी पाच. या पाच पौंडांविषयी काय वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो उमदेपणा होता, यात शंका नाही. पण जादा वेळ अर्धा तास खेळले असते, तर कदाचित ते द्यावेच लागले नसते.

८ मार्चला २-२, या वेळी जादा वेळ खेळूनही. १५ मार्चला डार्वेन तिसऱ्यांदा इटोनियन्सविरुद्ध ओव्हलवर उतरलं आणि ६-२ असं हरलं. उपांत्य फेरीत इटोनियन्सनी नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवलं. २९ मार्चला क्लॅपहॅम रोव्हर्सविरुद्ध चार्ल्स क्लार्कच्या एकमेव गोलवर चषक त्यांनी घेतला. अंतिम सामन्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. क्लॅपहॅमकडून सतरा वर्षांचा जेम्स प्रिन्सेप खेळला, आणि अंतिम सामन्यातला सर्वांत लहान खेळाडू हा त्याचा मान २००४ पर्यंत टिकला, एवढंच.

२०२० साली नेटफ्लिक्सवर सूटर आणि इटोनियन्सचे लॉर्ड किनेर्ड यांच्यावर मालिका आली. तिच्यात १८८३ चा चषक सूटर जिंकतो. प्रत्यक्षात त्या वर्षी इटोनियन्सना हरवलं ते ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, आणि सूटर त्या संघात नव्हता. मालिकेला गोष्ट एका माणसात बसवायची होती. खरा सूटर १८८० सालीच डार्वेन सोडून ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला होता, आणि गावाने ते सहज पचवलं नाही. ज्याच्यासाठी वर्गणी काढली तो शेजारच्या गावी गेला, हे दुखणारच. पण पाथरवटाने जास्त मजुरीकडे जावं, यात त्याचं काय चुकलं? १८८५ च्या जुलैमध्ये असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्याला मान्यता दिली, आणि १८८४ ते १८८६ असे सलग तीन चषक सूटरच्या रोव्हर्सनी जिंकले.

त्याआधी १८८२ च्या अंतिम सामन्यात तो ओव्हलवर पुन्हा इटोनियन्ससमोर आला होता, आणि ०-१ असा पुन्हा हरला. त्या विजयानंतर लॉर्ड किनेर्ड पॅव्हिलियनसमोर डोकं खाली, पाय वर करून उभे राहिले होते. जेम्स लव्ह तोवर रॉयल मरीन्समध्ये भरती झाला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तो इजिप्तमध्ये तापाने वारला.